अर्थिंगचा खड्डा

मुलुंडच्या नवचैतन्य ग्राहक भांडारातला कॉम्प्युटर गणपतीच्या तोंडावर, पामतेलाची रांग पार जिन्यापर्यंत गेलेली असताना, पुन्हा गप्प झाला. पडद्यावर इंग्रजीतून 'रवा' उमटता उमटता शेवटचं अक्षर राहून गेलं. काउंटरवरच्या जयंतीने आधी एक बटण दाबलं, मग हाताला येतील ती सगळी दाबली आणि शेवटी निमूटपणे खणातून जुनं पावतीपुस्तक काढलं. रांगेतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

चेअरमन सहदेव मोरजकर कानकोंडे झाले. सर्वसाधारण सभेत अर्ध्या सभासदांशी भांडून त्यांनी हा कॉम्प्युटर आणला होता. १९८७ साल संपायच्या आत भांडार आधुनिक करून दाखवतो, असं ते माइकवरून बोलून बसले होते. त्यांनी अंधेरीला फोन लावला आणि तोंडावर हात धरून हळूच सांगितलं, "परत झोपला हो तो."

अंधेरीच्या एमआयडीसीत एका गाळ्यात हा कॉम्प्युटर जन्माला आला होता. कंपनीने स्वतः बनवलेला हा पहिलाच, आणि नवचैतन्य हे पहिलंच गिऱ्हाईक. त्याचा बोर्ड, म्हणजे चिपा आणि तारांचा सगळा संसार, मीरा गायकवाडने उभा केला होता. त्यावर चालणारा युनिक्सचा कर्नल, म्हणजे डिस्क, पडदा, कळफलक या सगळ्यांकडून कामं करून घेणारा आतला कारभारी, जयवंत तावडेने बसवला होता. दोघं एकाच वयाची, एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसणारी. मशीन बंद पडलं की मीरा म्हणायची कर्नल बघ, जयवंत म्हणायचा बोर्ड बघ.

जयवंत हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. "या वेळी वाद नको," तो मालकांना, दळवीसाहेबांना म्हणाला. "मी पुरावाच आणतो."

त्याची युक्ती खरोखर झकास होती. डिस्क सांभाळणाऱ्या चिपला काही छोटे खण असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. कर्नल एका खणात हुकूम टाकतो, 'अमुक माहिती आण.' काम झालं की चिप दुसऱ्या खणात खूण ठेवते, 'आणली.' कर्नल ती खूण बघतो आणि पुढच्या कामाला लागतो. जयवंतने कर्नलच्या आत एक पहारेकरीच बसवला. कर्नलने कुठल्याही खणात काही टाकलं किंवा कुठल्याही खणातून काही घेतलं, की पहारेकऱ्याने ते शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या पडद्यावर लगेच दाखवायचं. कोण खोटं बोलतंय ते आपोआप कळणार होतं.

"रजिस्टरं तपासायला आलोय," भांडारात शिरताशिरता तो म्हणाला.

मोरजकरांचा चेहरा उतरला. "सगळी रजिस्टरं ऑडिटरकडे आहेत हो. अगोदर सांगायचंत तरी."

पहारेकरी बसला आणि एक चमत्कार झाला. आतापर्यंत दोन-तीन दिवसांतून एकदा झोपणारं मशीन आता चहा गार व्हायच्या आत झोपायला लागलं. दुसऱ्या पडद्यावर मात्र सगळं स्वच्छ दिसत होतं. कर्नल विचारत होता, काम झालं का? उत्तर, नाही. झालं का? नाही. नाही, नाही, नाही, असा पडदाभर नन्नाचा पाढा.

जयवंतने सगळ्यांना बोलावलं. दळवीसाहेब आले, मीरा आली, मोरजकर आले, आणि रांगेतली माणसंही मान लांब करून बघू लागली.

"बघा," जयवंत पडद्यावर बोट आपटत म्हणाला. "माझा कर्नल बिचारा विचारून विचारून थकला. चिप खूण ठेवतच नाही. बोर्ड कच्चा आहे."

"कच्चा म्हणजे काय?" मीराने विचारलं. "नीट सांग ना."

"सोल्डरिंग गं. एवढं बेकार! सोल्डरिंग केलंयस का डोसे घातलेस?"

रांग खळखळून हसली. दळवीसाहेबही हसले. जयवंतला त्या हशाचा मोह झाला आणि त्याने वर आणखी जोडलं, "चटणी तेवढी राहिली."

 मीराने मशीन उघडलं, बोर्ड काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि ती निघून गेली. संध्याकाळी दळवीसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की तिला नोकरीत कायम करायचं ते आता दिवाळीनंतर बघू.

तिने अख्खा बोर्ड पुन्हा सोल्डर केला. अंधेरीच्या टेबलावर तिच्या चाचणीच्या प्रोग्रॅमवर तो दिवसचे दिवस न थांबता चालला. मुलुंडला नेऊन बसवला, तर अर्ध्या तासात ठप्प. तिने नवाकोरा बोर्ड बनवला. अंधेरीत मस्त, मुलुंडला ठप्प. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं आणि टेबलाच्या त्या टोकाकडून बोलणंच बंद झालं.

दळवीसाहेबांनी शेवटी डोकं चालवलं. "अंधेरीत चालतो, मुलुंडला चालत नाही. मग दोष कुणाचा?"

"मुलुंडचा," जयवंत म्हणाला.

"बरोबर! इलेक्ट्रिकचा दोष. अर्थिंगच नसणार तिथं धड."

जयवंतला हे पटलं. बोर्डावर त्याला आता नवीन काही बोलता येत नव्हतं आणि कर्नलवर तर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. मोरजकरांना कळवण्यात आलं: जमिनीत खोल खड्डा खणा, त्यात तांब्याची पट्टी पुरा, भोवती मीठ आणि कोळसा भरा, आणि तिथून वायर थेट मशीनपर्यंत आणा. मीठ भांडारातच होतं. कोळसाही होता. मोरजकर उत्साहाने कामाला लागले.

खड्डा जिन्याच्या बाजूला घेतला. बाळा वायरमनने आणलेल्या माणसाने तिसऱ्या-चौथ्या घावातच इमारतीची पाण्याची पाइप फोडली. कारंजं थेट भांडाराच्या पाटीपर्यंत उडालं. पाटीवरच्या 'नवचैतन्य'मधलं 'चैतन्य' तेवढं भिजलं, पण वरच्या तिन्ही मजल्यांचं पाणी गेलं.

दुसऱ्या दिवशी काम उरकून घ्यायला दळवीसाहेबांनी जयवंत आणि मीरा दोघांनाही मुलुंडला पाठवलं. तिथं पोचले तेव्हा इमारतीतल्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन भांडाराच्या दारात उभ्या होत्या. सगळ्यांच्या पुढे तिसऱ्या मजल्यावरच्या शकुकाकू.

"हाच का तो कॉम्प्युटरवाला?" त्यांनी जयवंतला नखशिखान्त न्याहाळलं. "काय रे, तुझ्या मशीनला पाणी लागतं की आमचं बघवत नाही त्याला?"

"काकू, अर्थिंगशिवाय..."

"अर्थिंग घाल चुलीत! घरात न्हाण नाही, धुणं नाही. कालपासून भांडी तशीच पडलीत."

मोरजकर हात जोडत मध्ये पडले. "ताई, ताई, तक्रार असेल तर ती लेखी करा. ही काय पेटी आहे भिंतीवर."

"पेटीत?" शकुकाकू उसळल्या. "पेटीत टाकून टाकून हात दुखले माझे! तांदळात खडे, तक्रार टाकली. तेलाचं माप कमी, तक्रार टाकली. एकाचंही उत्तर नाही."

"कसं शक्य आहे? रोज संध्याकाळी मी स्वतः पेटी उघडतो. रिकामी असते. सभासद समाधानी आहेत असं मी अहवालात लिहिलंय!"

"रिकामीच असणार ना," काउंटरमागून जयंती सहज म्हणाली. "दुपारी मी उघडून बघते, काय आलंय का म्हणून. आलेलं असतं ते घेते काढून."

"काढून? आणि परत टाकत नाहीस?"

"वाचायला काढल्यावर परत कोण कोंबत बसणार त्या फटीतून? ड्रॉवरमध्ये आहेत ना सगळ्या."

बायका एकदम बोलायला लागल्या. मोरजकर डोक्याला हात लावून तेलाच्या डब्यावर बसले. जयवंत मात्र होता तिथंच उभा राहिला. 

त्याचा पहारेकरी हेच करत होता. कर्नल खण उघडायच्या आधी, आत काय आहे ते टिपून ठेवावं म्हणून, पहारेकरी स्वतः एकदा तो खण उघडून बघायचा; पडद्यावर मात्र कर्नलच्या हाती लागलेलं तेवढंच दाखवायचा. जयवंतनेच त्याला तसं शिकवलं होतं. आणि या चिपची रीत अशी की खूण एकदा कुणी वाचली की ती आपोआप पुसली जाते. चिपच्या माहितीपुस्तकात हे बारीक अक्षरात छापलेलं होतं आणि जयवंतने ते वाचलेलंही होतं. चिप दर वेळी इमानदारीत सांगत होती, 'आणली.' पहारेकरी ते वाचत होता, खूण पुसली जात होती, मग कर्नल येऊन बघत होता तर खण रिकामा. खूण नेमकी पहारेकरी बघून गेल्यावर पडली तर निभायचं, आधी पडली की ठप्प. अंधेरीत मीराच्या चाचणीत पहारेकरी नव्हता, म्हणून तिथं बोर्ड चालत होता. मुलुंडचा काही दोष नव्हता. मीराचा नव्हता. जमिनीचा तर नव्हताच नव्हता.

"आता का तोंड शिवलंस?" शकुकाकूंनी विचारलं.

जयवंतच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो आत गेला, मशीनसमोर बसला आणि पहारेकऱ्याची डोकावण्याची सवय काढून टाकली. पुसायची एकच ओळ होती. कर्नल पुन्हा बांधून तयार व्हायला बराच वेळ लागला. तोवर बाहेर फावड्यांचा, बायकांचा आणि प्लंबरचा आवाज येत राहिला, आणि प्रत्येक आवाज आपल्याच नावाने चाललाय असं त्याला वाटत राहिलं.

मशीन सुरू झालं. रवा उमटला, साखर उमटली, तूरडाळ उमटली. जयंतीने पावत्यांवर पावत्या काढल्या. चहा आला, गार झाला, तरी मशीन चालूच.

"चाललं!" मोरजकर बाहेर जाऊन ओरडले. "खड्ड्याचा गुण आला!"

त्यांनी भांडारातलाच एक नारळ आणून खड्ड्याच्या कडेला फोडला. दळवीसाहेबांना फोन गेला. फोनवरून ते इतक्या मोठ्याने बोलत होते की सगळ्यांना ऐकू येत होतं. "अर्थिंगच होतं! मीराला सांगा, बोर्ड निर्दोष आहे. तिचं कायम करण्याचं याच महिन्यात करून टाकू."

जयवंतने बोलायला तोंड उघडलं. दारात बादल्या घेतलेल्या बायका होत्या. त्याने तोंड मिटलं. मीराकडे बघितलं, तर ती स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

काही बोलायची गरजच उरली नव्हती, हीच तर अडचण होती. मशीन चालत होतं, मीराची नोकरी वाचली होती, दळवीसाहेब खूश, मोरजकर खूश. गप्प राहिलं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. तरी रात्रंदिवस त्याच्या कानात ती रांग हसत होती. डोसे. चटणी. आपण असं कसं बोललो, या विचाराने त्याला बसस्टॉपवर उभ्या उभ्या घाम फुटायचा.

रविवारी भांडुपला घरी आईने, प्रेमाबाईंनी, बांगड्याचं तिखलं केलं होतं. जयवंत नुसता भात चिवडत बसला. प्रेमाबाईंनी थोडा वेळ बघितलं.

"काय झाला रे? बांगडो तसोच आसा."

"काही नाही गं. भूक नाही."

"कोणाक काय वाकडा बोललंस काय?"

जयवंतने चमकून वर बघितलं. "तुला कोण म्हणालं?"

"तुझ्या बापाशीचा पण असाच होता. कोणाक बोललो काय जेवण जायचा नाय. मगे जा आणि सांग तिका, माझा चुकला म्हणान."

"'तिका'? ती कुठून आली मध्येच?"

"ता माका काय माहीत," असं म्हणून प्रेमाबाईंनी त्याच्या ताटातला बांगडा उचलून स्वतःच्या ताटात घेतला.

सोमवारी दुपारी गाळ्याखालच्या चहाच्या टपरीवर जयवंतने मीराला गाठलं. बोलायची सगळी वाक्यं त्याने पाठ केली होती. पण ती समोर आली तेव्हा त्यातलं पहिलंच आठवेना.

"डोसा नव्हता," तो म्हणाला.

"काय?"

"म्हणजे तुझं सोल्डरिंग. चांगलं होतं. चूक माझी होती, यार. माझा पहारेकरीच ती खूण खात होता. मला त्या दिवशी पेटीवरून कळलं. खड्ड्याचा काही संबंध नाही. मी ओळ काढली म्हणून मशीन चाललं, आणि मी गप्प बसलो." तो एका दमात बोलून गेला. "तू सगळं पुन्हा सोल्डर केलंस, नवा बोर्ड बनवलास, सगळं माझ्यामुळे. आणि वर मी चारचौघांत... मला लाज वाटते गं."

मीरा चहाच्या ग्लासकडे बघत राहिली. ती चिडेल, रडेल, ग्लास फेकेल, अशा सगळ्याची त्याने तयारी केली होती. ती फक्त लाल झाली.

"थांब," ती म्हणाली. "मला पण सांगायचंय. सोल्डरिंगचा एक टाका सुटा होता."

"कुठला टाका?"

"पहिल्या बोर्डावर. डिस्कच्या चिपचा. वरून चांगला दिसत होता, हलवला की सुटायचा. तू डोसे म्हणालास त्याच संध्याकाळी मला सापडला. सुरुवातीला मशीन दोन-तीन दिवसांनी बंद पडायचं ना, ते त्यानंच."

जयवंत बघतच राहिला. "म्हणजे मी खरं बोललो होतो?"

"अर्धं. मी तो टाका नीट केला. दुसऱ्या दिवशी सांगणार होते, 'सापडलं, माझं चुकलं होतं.' पण ती सगळी माणसं हसली होती रे. परत तुझ्यासमोर उभं राहून 'हो, डोसाच होता' असं कसं म्हणू? आणि नीट करूनही मशीन बंदच पडत राहिलं. मला वाटलं, मला काही येतच नाही. घरी बाबा रोज विचारायचे, कायम झालीस का. मी म्हणायचे, साहेब गावाला गेलेत."

"आणि तू हे तेव्हाच बोलली असतीस..."

"तर टाका नीट होऊनही मशीन का झोपतंय हे दोघांनी मिळून बघितलं असतं. एका दिवसात सापडलं असतं."

"आणि मी तसा बोललो नसतो तर तू सांगितलं असतंस."

"हो."

 टपरीवाल्याने न विचारताच आणखी दोन चहा ठेवले.

"दळवीसाहेबांना सांगायला हवं," जयवंत म्हणाला.

"सांगू. पण आधी मोरजकरांना. त्यांनी तर जमीन खणली."

मोरजकर भांडाराच्या मागच्या खोलीत साखरेच्या पोत्यांमध्ये बसले होते. जयवंतने पहारेकऱ्याचं सांगितलं, मीराने टाक्याचं सांगितलं. खड्ड्याची काहीच गरज नव्हती, हे दोघांनी माना खाली घालून एकदमच सांगितलं. मोरजकरांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून दार लोटलं आणि एक पोतं बाजूला सरकवलं. मागे भिंतीतून एक जाड वायर आली होती. तिच्या टोकाला दुधाची पिशवी गुंडाळून रबर लावलेलं होतं.

"हे काय?" जयवंतने विचारलं.

"अर्थिंग," मोरजकर म्हणाले. "मशीनपर्यंत पोचलंच नाही. वायर कमी पडली. बाळा आणखी वायर आणायला गेला आणि तेवढ्यात तुमचं मशीन चालू झालं. मी ओरडलो, नारळ फोडला. नंतर बाळा येऊन विचारतो, जोडू कुठं?"

"मग तुम्ही..."

"काय सांगणार? वरती पाणी नाही, खाली नारळ फुटलेला. कमिटीत मी छातीवर हात ठेवून सांगितलं की खड्डा अत्यावश्यक होता." त्यांचा आवाज बारीक झाला. "तेव्हापासून मला झोप नाही. मशीन चाललं कशानं, हेच कळेना. तुम्हाला विचारायचीही लाज वाटली."

"म्हणजे तो खड्डा कशालाच नव्हता?"

हा आवाज चौथा होता. दार पुरतं लागलंच नव्हतं. फटीत शकुकाकू उभ्या होत्या, हातात तेलाची बरणी.

मोरजकरांनी पोतं झटकन जागेवर सरकवलं, पण आता उशीर झाला होता. "ताई, त्याचं असं आहे, तांत्रिकदृष्ट्या..."

"नव्हता, काकू," जयवंत म्हणाला. त्याचे कान पुन्हा तापले होते, पण या वेळी तोंड मिटलं नाही. "कशालाच नव्हता. माझी चूक होती. मशीनमध्ये मीच एक भलतं काम करून ठेवलं आणि आधी हिला बोललो, मग मुलुंडला बोललो. तुमचं पाणी माझ्यामुळे गेलं."

"आणि थोडं माझ्यामुळे," मीरा म्हणाली.

शकुकाकूंनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं. त्या आता इमारत गोळा करणार, असं मोरजकरांना वाटलं आणि त्यांनी डोळेच मिटले. काकूंनी बरणी पोत्यावर ठेवली.

"नाव काय तुझं?"

"तावडे. जयवंत."

"पाइप जोडली, पण तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही अजून. प्लंबर उद्या येतो म्हणतो. ठाऊक आहे?"

"नाही."

"हात दाखव."

जयवंतने दोन्ही हात पुढे केले. काकूंनी ते उलटसुलट करून बघितले.

"मऊ आहेत. पण दोन बादल्या राहतील. खाली नळाला भरून ठेवल्यात, चल."

जयवंत निघाला. मीराने ओढणी कमरेला खोचली आणि ती मागोमाग निघाली. मोरजकर जरा घुटमळले, मग चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला आणि जयंतीकडून एक रिकामी बादली मागून घेतली.

पहिल्या मजल्यापर्यंत जयवंतच्या बादल्या डुचमळून त्याची अर्धी पँट भिजली. मागून मीरा म्हणाली, "सांडतोयस, डोसे." तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला आणि आणखी सांडलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याने मान वर केली. शकुकाकू त्याच्या पुढे तिसऱ्या मजल्यावर पोचल्या होत्या. आणि त्यांच्या मागे, प्रत्येक दाराबाहेर, रिकाम्या बादल्या येऊन बसायला लागल्या होत्या.